हळदीचं बेणं घरचंच ठेवा
(शेतकऱ्यांसाठी रेडिओवरील भाषण)



संक्रांत झाली की हळदीच्या रानाचा रंग पालटतो. पाला पिवळा पडतो, वाळतो, जमिनीवर लोळतो, आणि घराघरांत काढणीची, कुदळ-टिकावाची, शिजवणीची आणि जळणाची बोलणी सुरू होतात. या धांदलीत एक गोष्ट मागे पडते, ती म्हणजे पुढच्या वर्षीचं बेणं. आजचं भाषण त्याच विषयावर आहे. जुन्या पिकातले कोणते गड्डे बेण्यासाठी राखावेत, ते अडीच-तीन महिने कसे सांभाळावेत आणि लावणीच्या आधी त्यांच्यावर कोणते संस्कार करावेत, हे आपण क्रमाने पाहू.

आधी हिशेब मांडू. हळदीला एकरी साधारण दहा क्विंटल बेणं लागतं. सरी-वरंब्यावर अडीच फूट बाय एक फूट अशी लागण धरली, तर एकरात सुमारे अठरा हजार गड्डे बसतात. एक गड्डा पन्नास ते साठ ग्रॅमचा धरा, म्हणजे दहा क्विंटल होतात. हळदीच्या लागणीत एका वेळी रोख जाणारा मोठा पैसा बेण्याचाच असतो.

आता दुसरी बाजू पाहा. तेच दहा क्विंटल ओले गड्डे तुम्ही मार्चमध्ये शिजवून वाळवले, तर हाताशी येते साधारण दोन क्विंटल वाळली हळद. तीही गड्ड्याची, म्हणजे बाजारात हळकुंडापेक्षा कमी भावाने जाणारी. हातात चार पैसे येतात हे खरं. पण मे महिना उजाडला की त्याच माणसाला बेणं शोधत गावोगाव फिरावं लागतं. त्या वेळी विकणारा एक आणि घेणारे दहा. भाव तो सांगेल तो, आणि माल तो देईल तो. गड्डा कोणत्या रानातला, त्या रानात कंदकूज होती की नव्हती, वाण एकच आहे की दोन-तीन मिसळलेत, हे पोत्यावरून कळत नाही. म्हणून, बंधूंनो, मार्चमध्ये गड्डे विकण्याआधी मे महिन्याचा विचार करा. हा विचार कारभारणीला बरोबर घेऊन करा, कारण गड्डे निवडण्यात आणि मोडणीत तिचाच हात जास्त फिरतो आणि चांगला गड्डा तिच्या नजरेला आधी दिसतो.

बेण्यात असेल तेच रानात उतरतं

ज्वारीचं किंवा हरभऱ्याचं बी असतं तसं बी हळदीला सहसा धरत नाही. फूल येतं, दांडा दिसतो, पण त्यातून पेरण्याजोगं बियाणं आपल्याला मिळत नाही. केरळात कोझिकोडच्या मसाला पिकांच्या संशोधन संस्थेत क्वचित धरलेल्या बियांपासून रोपं वाढवून 'प्रभा' आणि 'प्रतिभा' हे वाण निवडले गेले. पण ते संशोधकांचं काम. तुमच्या-आमच्या रानात हळद वाढते ती गड्ड्याच्या डोळ्यातून. म्हणजे यंदाचं झाड हे गेल्या वर्षीच्या झाडाचाच तुकडा आहे.

याचा फायदा असा, की चांगलं झाड निवडलं तर त्याचा गुण जसाच्या तसा पुढे येतो. तोटा असा, की रोगट झाड निवडलं तर रोगही जसाच्या तसा येतो. कंदकुजीची बुरशी आणि गड्ड्याला चिकटणारी खवले कीड बेण्याबरोबर फुकट घरी येतात. आणि कंदकूज एकदा रानात शिरली की ती केवळ त्या हंगामापुरती राहत नाही. जमिनीत ती टिकून राहते आणि पुढे त्या रानात हळदीला, तसंच आल्यालाही, त्रास देते. चुकीचं बेणं विकत घेतलं तर एका वर्षाचे पैसे जातात आणि रानही बिघडतं, ते असं.

वाणाचंही तेच. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे नाव टिकायचं तर बेणं एकजात हवं. एका वाफ्यात सेलम, दुसऱ्यात राजापुरी आणि तिसऱ्यात कुणाचं कुणास ठाऊक, असं झालं तर पीक एका वेळी पक्व होत नाही. शिजवताना काही हळकुंडं कच्ची राहतात, काही जास्त शिजतात, आणि माल पाहून व्यापारी भाव पाडतो.

निवड दिवाळीत, काढणी शिमग्याच्या आधी

बरेच जण बेणं निवडतात ते काढणीच्या दिवशी, ढिगाजवळ बसून. ही निवड अर्धीच होते. पाला वाळल्यावर सगळं रान सारखंच पिवळं दिसतं. त्यात निरोगी झाड कुठलं आणि आजारी कुठलं हे ओळखू येत नाही. म्हणून खरी निवड पाला हिरवा असताना, दिवाळीच्या सुमारास करावी.

सकाळच्या वेळी रानातून एक फेरी मारा. खालची पानं कडेने वाळत वर चाललेली झाडं, बुंध्याशी मऊ पडलेली, ओढलं की अलगद हातात येणारी झाडं ही कंदकुजीची. त्यांच्या गड्ड्याला घाण वास येतो. अशी झाडं मातीसकट उपटून रानाबाहेर न्या आणि नष्ट करा. बांधावर टाकू नका, पाटाच्या पाण्यात तर मुळीच टाकू नका. लांब पायांची, डासासारखी दिसणारी पण आकाराने मोठी काळी माशी झाडांवर बसलेली दिसली, तर ती कंदमाशी समजा. तिच्या अळ्या गड्ड्यात शिरतात आणि कुजण्याला हातभार लावतात. रानाच्या त्या भागातलं बेणं धरू नका. पानांची ठेवण किंवा उंची वेगळी दिसणारी झाडं दुसऱ्या वाणाची असतात. त्यांच्याजवळ काठी रोवून खूण करा.

मग उरलेल्या रानात जो पट्टा सगळ्यात तजेलदार, एकसारखा आणि निचऱ्याचा आहे, त्याच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका. हा तुमचा बेण्याचा प्लॉट. एका चांगल्या झाडाखाली एक जेठा गड्डा आणि निदान एक दणकट बगल गड्डा मिळेल असं धरलं, तर एकरभर लावणीसाठी अर्धा एकर पुरतो. खराबीला जागा राहावी म्हणून पाऊण एकर राखलेला बरा.

काढणीच्या आधी साधारण पंधरा दिवस पाणी तोडा. पाला जमिनीपासून इंचभर वर ठेवून कापा. चार-पाच दिवस रान तापू द्या, मग कुदळीने किंवा टिकावाने काढणी करा. बेण्याच्या पट्ट्यातली काढणी शक्यतो घरच्या माणसांनी, सावकाश करावी. उक्त्या कामात हात भरभर चालतो आणि गड्ड्याला कुदळ लागते. जखमी गड्डा साठवणीत आधी कुजतो आणि शेजारच्या चारांना घेऊन जातो.

कोणता गड्डा ठेवावा, कोणता ठेवू नये

काढलेला कांदा मोडला की त्यात चार प्रकारचा माल निघतो.

मधोमध, झाडाच्या बुंध्याखाली असतो तो जेठा गड्डा. हा गोल, भरदार आणि जोमदार डोळ्यांचा असतो. बेण्याला पहिला मान याचा. तो पन्नास ग्रॅमच्या वर असावा. वजनाचा अंदाज येत नसेल तर तागडीत वीस गड्डे घालून पाहा. ते किलोच्या वर भरले म्हणजे झालं.

जेठ्याच्या कुशीला लागून जे येतात ते बगल गड्डे. चाळीस ग्रॅमच्या वरचे असतील तर हेही बेण्याला चांगले.

बाजूला बोटांसारखी फुटतात ती हळकुंडं. ती शिजवून विकण्याचा माल. पण गड्डे कमी पडले तर तीस ग्रॅमच्या वरची, जाड, ठसठशीत हळकुंडंही बेणं म्हणून चालतात. मात्र गड्डे आणि हळकुंडं एकाच सरीत मिसळून लावू नका. त्यांची उगवण आणि वाढ मागंपुढं होते.

चौथा माल म्हणजे सोरा गड्डा. गेल्या वर्षी तुम्ही जो गड्डा लावला होता, त्याचंच हे उरलेलं कलेवर. काळपट, खडबडीत, सुरकुतलेला, हाताला हलका. काही जण म्हणतात, टाकून कशाला द्यायचा, एखादा डोळा फुटलाच तर फुटला. पण मंडळी, त्याने आपलं सगळं बळ यंदाच्या पिकाला देऊन टाकलेलं असतं. वर्षभर जमिनीत राहिल्यामुळे रोगाची लागणही त्यालाच आधी होते. सोरा गड्डा बेण्यात धरू नका. तो निराळा काढा.

ज्या गड्ड्यावर पांढुरके, बारीक, चिकटलेले ठिपके दिसतील त्यावर खवले कीड आहे. ती साठवणीतही रस शोषत राहते आणि गड्डा सुकतो. असा गड्डाही बाजूला काढा. मऊ, भोकं पडलेला, कापल्यावर आत काळपट दिसणारा गड्डा बेण्याच्या ढिगाजवळसुद्धा नेऊ नका.

साठवण : बेणं जिवंत आहे हे विसरू नका

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं पुष्कळांना ऐकून माहीत असतील. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत वाळलेली हळद वर्षानुवर्षं टिकत असे. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवं पाण्याखाली गेली. पण पेवात राहत होती ती शिजवलेली, वाळवलेली हळद. तिच्यात जीव उरलेला नसतो, म्हणून बंद जागा तिला मानवते. बेण्याचा गड्डा जिवंत आहे. तो श्वास घेतो, त्यातून ऊब निघते, ओल निघते. त्याला कोंडलं की तो घामेजतो आणि कुजतो. उघड्यावर उन्हात ठेवलं की सुकून सुरकुततो. साठवणीचं सारं शहाणपण या दोन टोकांच्या मधे आहे.

जागा उंचवट्याची, सावलीची आणि वारा खेळणारी घ्या. दाट झाडाची सावली किंवा गवताच्या छपराची पडवी उत्तम. तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका. जमिनीवर हळदीच्या वाळल्या पाल्याचा थर द्या. त्यावर बेण्याचा निमुळता ढीग करा, उंची कमरेपेक्षा जास्त नको. वरून पुन्हा हळदीच्या पाल्याचा वीतभर जाड थर द्या आणि त्यावर गोणपाट टाका. भोवती चर काढा. वळवाचा पाऊस केव्हा येईल सांगता येत नाही, आणि एका रात्रीचं पाणी ढिगाखाली शिरलं तर तीन महिन्यांची राखण वाया जाते.

ढिगावर पाणी मारू नका. उन्हाळा कडक आहे, गड्डे सुकतील, या भीतीने काही जण पाणी शिंपडतात. त्याने कूज सुरू होते, किंवा कोंब वेळेआधी लांब सुटतात. खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यांत बेणं भरून ठेवणंही टाळा.

दर पंधरवड्याला ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहा. आत गार लागलं तर ठीक. गरम लागलं, ओलसर लागलं किंवा वास आला तर ढीग मोडा, नासके वेचून काढा, दिवसभर सावलीत पसरा आणि पुन्हा रचा. साठवणीत वजन घटतं, थोडं नासतं, शेवटी निवडताना थोडं बाजूला पडतं. म्हणून दहा क्विंटल लागणार असेल तर बारा-तेरा क्विंटल राखा.

काढणीनंतर दोन-अडीच महिने गड्डा झोपलेला असतो. ही त्याची सुप्तावस्था. ती पुरी झाल्यावरच डोळे फुगतात. म्हणून नुकताच काढलेला गड्डा घाईने लावला तर तो जमिनीत नुसता पडून राहतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ढीग उघडला की डोळे टपोरे झालेले दिसतील. लावणीला हीच वेळ चांगली. मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागण उरकावी.

लावणीच्या आधीचे संस्कार

पहिलं काम सफाई. गड्ड्यावरच्या जुन्या मुळ्या काढा, वाळलेली टरफलं साफ करा. हे करताना कोंब मोडू नये. कोंब लहान आणि जाड असतानाच लावणी केली तर मोडतोड कमी होते. मऊ पडलेले, न फुगलेले गड्डे वेगळे करा.

गड्डा फार मोठा असला तर दोन भाग केले तरी चालतात. पण प्रत्येक भागावर निदान दोन चांगले डोळे हवेत. विळा किंवा सुरी मधून मधून स्वच्छ करा, म्हणजे एकाचा रोग दुसऱ्याला लागणार नाही. कापलेली बाजू सावलीत सुकू द्या, मगच पुढची प्रक्रिया करा.

दुसरं काम बेणेप्रक्रिया. कंदकुजीपासून संरक्षणासाठी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला तीन ग्रॅम, म्हणजे शंभर लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम घ्या. त्यात बेणं अर्धा तास बुडवून ठेवा. नंतर काढून सावलीत तीन-चार तास पसरा, पाणी निथळू द्या. द्रावण गढूळ झालं की टाकून नवं करा. खवले किडीचा त्रास असलेल्या भागात कीटकनाशकाची वेगळी प्रक्रिया लागते. औषधांच्या शिफारशी बदलत असतात, तेव्हा ती त्या वर्षी आपल्या कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच करा.

हे काम करताना हातात मोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, मध्येच तंबाखू-विडी नको. उरलेलं द्रावण विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, औषध लावलेलं बेणं उरलं तर ते शिजवणीत घालू नका, जनावरांपुढे टाकू नका.

ट्रायकोडर्मा वापरत असाल तर ती रासायनिक द्रावणात मिसळू नका. ती स्वतःच एक बुरशी आहे, आणि बुरशीनाशकाचा मारा तिलाही बसतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ती मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, मग रानात द्यावी हे चांगलं.

लावताना डोळा वर ठेवा, गड्डा सुमारे दोन इंच मातीखाली जाऊ द्या. पाण्याचा निचरा होणारं रान घ्या. गेल्या वर्षी जिथे हळद किंवा आलं होतं तिथे पुन्हा हळद नको. घरचं निरोगी बेणं रोगट बेवडावर लावलं तर केलेली सगळी मेहनत मातीत जाते.

बेणं कमी असेल तर

काही जणांकडे यंदा राखायला बेणंच नाही, किंवा एखादा चांगला वाण थोडाच मिळाला आहे. त्यांच्यासाठी एक रीत आहे. गड्ड्याचे एकेका डोळ्याचे पाच ते सात ग्रॅमचे तुकडे करायचे, वर सांगितल्याप्रमाणे प्रक्रिया करायची आणि भाजीच्या रोपांसाठी वापरतात त्या ट्रेमध्ये लावायचे. ट्रेमध्ये तीन भाग कोकोपीट आणि एक भाग गांडूळखत भरावं. ट्रे सावलीच्या जाळीखाली ठेवून रोज बेताचं पाणी द्यावं. तीस ते चाळीस दिवसांत रोप रानात लावण्याजोगं होतं.

सात ग्रॅमप्रमाणे अठरा हजार तुकड्यांना सव्वा क्विंटलच्या आसपास बेणं लागतं. नासधूस धरली तरी दीड क्विंटलात एकराची भागते. कुठे दहा आणि कुठे दीड! पण यात ट्रेचा खर्च आहे, आणि महिनाभर रोज लक्ष द्यावं लागतं. लहान तुकड्याच्या पोटात शिदोरी थोडी, त्यामुळे पाण्याचा एक दिवसाचा खंडही त्याला सोसत नाही. म्हणून पहिल्या वर्षी एका गुंठ्यावर, साडेचारशे रोपं लावून पाहा. हात बसला की वाढवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. बेण्याचा पट्टा पाला हिरवा असताना निवडा आणि खुंट्या ठोका.
२. जेठे आणि बगल गड्डे ठेवा. सोरा, जखमी आणि ठिपकेवाले गड्डे काढून टाका.
३. साठवण सावलीत, वाऱ्यात, पाल्याखाली. ढिगावर पाणी मारू नका.
४. पंधरा दिवसांनी ढिगात हात घालून पाहा.
५. लागणाऱ्यापेक्षा पाव हिस्सा जास्त राखा.
६. सफाई आणि बेणेप्रक्रिया केल्याशिवाय एकही गड्डा सरीत जाऊ देऊ नका.

बंधू-भगिनींनो, बियाण्याची पिशवी दुकानातून आणायची सवय आता आपल्याला बहुतेक पिकांत लागली आहे. हळदीचं पीक मात्र अजूनही आपल्या हातात आहे. त्याचं बियाणं आपल्याच रानात, आपल्याच डोळ्यांसमोर तयार होतं. ते राखलं तर मे महिन्यात कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, आणि शेजाऱ्याला नड पडली तर दोन पोती देताही येतात. तेव्हा यंदा काढणीला लागण्याआधी चार खुंट्या घेऊन एकदा रानात जा. पाला वाळला असला तरी कुठली जागा वर्षभर चांगली होती हे तुमच्या मनाला ठाऊक असतं. त्या जागेवर खूण करा आणि तिथली हळद शेवटी, स्वतःच्या हाताने काढा.